एमजी टीडी घरच्या गाळ्यात उभी करताना: आधी लाकूड, शेवटी रंग

जुनी एमजी टीडी, म्हणजे दोन सीटांची ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, बघायला गेलात की लगेच बॉनेट उघडायला धावू नका. आधी दार उघडा, त्याच्या मोकळ्या टोकाला खालून हात लावा आणि अलगद वर उचला. या गाडीच्या दाराच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला असतात आणि दार पुढून उघडतं. उचलताना बिजागरीचा खांबच दाराबरोबर हलला, तर आतलं लाकूड गेलंय, बाहेरून रंग कितीही झळझळीत असला तरी.

टीडीच्या पत्र्याखाली लाकडाचा सांगाडा असतो. खाली लोखंडी चॅसी, तिच्यावर ऍश नावाच्या विलायती लाकडाची चौकट आणि त्या चौकटीवर वळवून ठोकलेला पातळ पत्रा. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९४९ च्या अखेरीपासून १९५३ पर्यंत अशा २९,६६४ गाड्या तयार झाल्या. म्हणजे सर्वांत तरुण टीडीचंही वय आज सत्तरीपलीकडे आहे. त्यात ती मुंबईत राहिलेली असेल, तर वर्षातले चार महिने पाऊस आणि बाराही महिने खारा वारा तिने सोसलेला असतो.

आमची टीडी थोरल्या काकांची. दादरच्या हिंदू कॉलनीत आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात ती २२ वर्षं एकाच जागी उभी होती. ती पुन्हा चालती करायला मला तीन हिवाळे लागले. त्यातला पहिला हिवाळा मी चुकीच्या क्रमात घालवला. आज पुन्हा सुरुवात केली तर ज्या क्रमाने करीन, तोच क्रम इथे देतोय.

कागद आणि नंबर

पाना हातात घेण्याआधी आरसी बुक शोधा. त्यातला चॅसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. इंजिनाचा नंबर ब्लॉकवरच्या आठकोनी पितळी पट्टीवर असतो आणि एक्सपीएजी या अक्षरांनी, म्हणजे या इंजिनाच्या नावाने सुरू होतो. टीडीच्या चॅसींचे नंबर ०२५१ पासून सुरू झाले, कारण अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्याचा टेलिफोन नंबर २५१ होता. चॅसीवरच्या नंबरवर गंज असेल तर तारेचा ब्रश लावू नका, अक्षरं झिजतात. डिझेलमध्ये भिजवलेलं कापड रात्रभर त्यावर ठेवा आणि सकाळी पुसून काढा.

इंजिन नंबरचा आणखी एक उपयोग आहे. टीडी२ मालिकेत ९४०८ नंबरपासून क्लच मोठा, आठ इंची झाला. त्याआधीचा सव्वासात इंची होता. विलायतेहून क्लच प्लेट मागवताना हे माहीत नसेल तर चुकीचं पार्सल हातात पडतं आणि त्यावरची कस्टम ड्युटीही आपल्याच खिशातून जाते.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी वेगळे नोंदणी नियम आणले. गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे, तिच्यात मोठे बदल झालेले नसावेत, ही त्यातली मुख्य अट. नव्याने नोंदणी करायची असेल तर ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. त्याची फी २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. पुनर्नोंदणीची फी ५,००० रुपये. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, त्यामुळे ‘बीएम’ने सुरू होणारी मुंबईची जुनी पाटी असेल तर ती जिवापाड जपा. अशी गाडी रोज ऑफिसला न्यायला किंवा धंद्याला वापरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, देखभाल-दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची.

म्हणूनच टीडीत दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवण्याचा सल्ला मला पटत नाही. ‘पार्ट मिळत नाहीत’ हे कारण आता उरलेलं नाही. गॅस्केटपासून पिस्टनपर्यंत जवळजवळ सगळं आजही इंग्लंडमध्ये नव्याने बनतं.

जागा, सोसायटी आणि पंचांग

टीडी साधारण १२ फूट लांब आणि पाच फुटांना थोडी कमी रुंद. गाळ्यात मावते, पण खोलल्यावर तिची दुप्पट होते. बॉडी एकीकडे, चॅसी दुसरीकडे, मडगार्डं भिंतीला टांगलेली. ही जागा आधी मोजून ठेवा. सोसायटीच्या कमिटीला लेखी अर्ज द्या आणि त्यात स्वतःहून लिहा: वेल्डिंग आणि स्प्रेचं काम इथे करणार नाही, पेट्रोल साठवणार नाही, ग्राइंडर दुपारच्या झोपेच्या वेळी चालवणार नाही, आग विझवायचा सिलिंडर दाराशी राहील. हे लिहिलंत की पाळाही. आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजी पुढे पुढे रोज संध्याकाळी काम कुठवर आलं ते विचारायला खाली उतरायच्या.

कामाची आखणी पावसाप्रमाणे करा. ऑक्टोबरमध्ये गाडी खोला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पत्रा, लाकूड, प्रायमर आणि रंग. जून ते सप्टेंबर टेबलावर बसून करायची कामं: कार्बोरेटर, डायनामो, मीटर, सीटं. भिंतीवर हवेतला दमटपणा दाखवणारं साधं मीटर लावा. काटा ८५ टक्क्यांच्या वर असेल तर उघड्या लोखंडावर प्रायमर मारायचा नाही, हा नियम मोडू नका.

पाने आणि आटे

या गाडीवर नवशिका सर्वांत जास्त नुकसान करतो ते इथे. चॅसी आणि बॉडीचे नटबोल्ट जुन्या ब्रिटिश बीएसएफ (इंच मापाच्या बारीक) आट्यांचे आहेत, पण इंजिनाचे आटे मिलिमीटरमध्ये. त्यामागे एक कारण आहे. विल्यम मॉरिसने १९२३ मध्ये हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्रीतला इंजिन कारखाना विकत घेतला आणि तिथली यंत्रं फ्रेंच मापाची होती. आटे मेट्रिक राहिले. ब्रिटिश मेकॅनिकचे पाने मात्र व्हिटवर्थ या जुन्या इंच मापाचे, म्हणून बोल्टची डोकी व्हिटवर्थ मापाची केली.

हे हाताला कसं कळतं ते सांगतो. इंजिनावरच्या नेहमीच्या आठ मिलिमीटरच्या बोल्टला १३ चा पाना लावा: बसतच नाही. १४ चा लावा: बसतो, पण किंचित डुलतो आणि जोर दिला की कोपरे गोल करून टाकतो. त्या डोक्याचं खरं माप १३.३ मिलिमीटर, म्हणजे ‘पाव व्हिटवर्थ’. तो पाना लावला की सैल न डुलता गप्प बसतो. दुसरा सापळा आट्यांच्या अंतराचा. बाजारात मिळणाऱ्या आठच्या बोल्टला दोन आट्यांमध्ये सव्वा मिलिमीटर अंतर असतं, एक्सपीएजीला एकच मिलिमीटर. बाजारातला बोल्ट दीड-दोन फेरे आत जातो आणि अडतो. तिथे थांबा. पान्याने दाबलात तर ब्लॉकमधले आटे मेलेच म्हणून समजा.

व्हिटवर्थ पान्यांचा एक सेट घ्याच. चोर बाजारात जुने चांगले पाने अजून सापडतात, फक्त तोंड पसरलेलं नाही ना ते बघून घ्या. नागदेवी स्ट्रीटवर बारीक आट्यांचे बोल्ट, टॅप आणि डाय मिळतात. नमुन्याचा बोल्ट खिशात ठेवूनच जा, तोंडी माप सांगून काम होत नाही.

खोलताना

प्रत्येक भागाचे तीन फोटो: लांबून, जवळून आणि सुटल्यानंतर. कागदी चिठ्ठ्या लावू नका, एका पावसाळ्यात त्यांचा लगदा होतो. मी पत्र्याच्या छोट्या चकत्यांवर नंबर ठोकले, तारेने बांधले आणि वहीत नोंद केली. नटबोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत, थोडं तेल घालून. गंजलेला बोल्टही काम संपेपर्यंत फेकायचा नाही, कारण लांबी आणि डोक्याचं माप त्याच्याकडूनच कळतं.

बॉडी चॅसीवरून उचलण्याआधी दोन्ही दारांच्या फटी मोजून वहीत लिहा आणि दारांच्या चौकटीत लोखंडी अँगलचे आडवे टेकू बोल्टने आवळा. लाकूड कमजोर असेल तर टेकूशिवाय उचललेली बॉडी मधोमध दुमडते. मडगार्डं, सीटं आणि पेट्रोलची टाकी काढल्यावर पाच-सहा जण ती हातांनी सहज उचलतात.

लाकूड

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

बारीक स्क्रू ड्रायव्हर घेऊन चौकट टोचत जा. चांगलं लाकूड टणक लागतं. कुजलेल्यात टोक आत शिरतं आणि बाहेर काढलं की ओलसर तपकिरी भुसा चिकटून येतो. सर्वांत आधी तीन जागा बघा: दोन्ही बाजूंचे खालचे लांब दांडे, बिजागरीचे खांब जिथे त्या दांड्यांत बसतात तो जोड आणि मागे टाकीच्या पुढची आडवी पट्टी. आमच्या गाडीत डावा दांडा वरून अखंड दिसत होता. टोचल्यावर आत वाळवीने केलेली पोकळी निघाली. बोट घातलं तर दुसऱ्या पेरापर्यंत गेलं.

जुना तुकडा कितीही कुजलेला असला तरी तो तुमचा साचा आहे. त्याच्या कडा, भोकं आणि तिरके कोन कार्डबोर्डवर उतरवून घेतल्याशिवाय काढू नका. एका वेळी एकच तुकडा बदला. सगळे एकदम काढलेत तर कुठला कोन कशाशी जुळतो याचा थांगपत्ता लागत नाही.

ऍश आपल्याकडे सहज मिळत नाही. मी जुना सागवान वापरला, आणि मुंबईच्या हवेत तोच योग्य असं माझं ठाम मत आहे. पाडलेल्या जुन्या घरांच्या तुळया आणि दरवाजे ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात मिळतात. त्या लाकडाने आपलं सगळं आकसणं-फुगणं पन्नास वर्षांपूर्वीच उरकलेलं असतं. मात्र सागात तेल असतं आणि डिंक त्याला नीट धरत नाही. जोडाच्या दोन्ही बाजू ताज्या रंधून घ्या, अ‍ॅसिटोनने पुसा, ते उडालं की लगेच इपॉक्सी लावा आणि रात्रभर क्लॅम्पमध्ये आवळा. स्क्रू पितळीच हवेत, लोखंडी स्क्रू ओल धरतात आणि आतून गंजतात. पितळी स्क्रू मऊ असतो, म्हणून आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून वाट करून घ्यायची आणि मग पितळी बसवायचा. हे मला लालबागच्या सुतारकाकांनी दाखवलं. म्हणाले, “अहो, पितळेला वाट दाखवायची असते, ढकलायचं नसतं.”

डिंक सुकल्यावर वाळवीच्या औषधाचे दोन हात द्या, ते वाळलं की उकळलेल्या अळशीच्या तेलाचे दोन. इथे एक धोका नीट लक्षात ठेवा: अळशीच्या तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकलीत तर ती आपोआप तापून पेटू शकते. चिंध्या पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

पत्र्याच्या लाकडाकडच्या बाजूला प्रायमर मारूनच तो पुन्हा बसवा. चुका गॅल्व्हनाइज्ड वापरा.

चॅसी

चॅसीचं सँडब्लास्टिंग बाहेरून करून घ्या, पण बॉडीचा पत्रा ब्लास्टिंगला देऊ नका, तो तापतो आणि लाटा येतात. ब्लास्ट झालेल्या लोखंडावर आपल्या हवेत काही तासांत लाल छटा धरते. त्यामुळे त्याच दिवशी, तिथेच इपॉक्सी प्रायमर मारणारा माणूस गाठा. मग जमिनीवर ओळंबा सोडून चारही टोकांच्या खुणा करा आणि कर्ण मोजा. दोन कर्ण जुळले नाहीत तर पुढचं काहीच जुळत नाही.

गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर कधीही भरवसा ठेवू नका. चार लोखंडी घोड्या हव्यातच. गाडीचं वजन नऊशे किलोच्या आसपास आहे.

इंजिन

एक्सपीएजी हे १,२५० सीसीचं बिडाचं, चार सिलिंडरचं इंजिन. वर्षानुवर्षं उभं असेल तर बहुधा जाम झालेलं असतं. धक्का देऊन किंवा दुसऱ्या गाडीने ओढून ते फिरवायला जाऊ नका, पिस्टनच्या रिंगा तुटतात. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं-निम्मं मिसळून ओता आणि आठ दिवस सोडा. रोज थोडं पुन्हा घाला. मग हँडल लावून एकदा इकडे, एकदा तिकडे, मनगटाच्याच जोराने. आमचं नवव्या दिवशी सुटलं. आवाज झाला नाही, हाताखाली नुसतं काहीतरी नरम पडल्यासारखं वाटलं.

सुटलं तरी लगेच चालू करू नका. संप, म्हणजे इंजिनाखालची तेलाची टाकी, खोला, तळाशी काळा गाळ असतो, तो आणि ऑइल पंपाची जाळी साफ करा. सिलिंडरची झीज आणि क्रँकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) लेथवाल्याकडून मायक्रोमीटरने मोजून घ्या, अंदाजाने नाही. ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटा तारेने खरवडा. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये टीडी तापते याचं कारण बहुतेक वेळा रेडिएटर नसून ब्लॉकमध्ये साचलेला गंज असतो.

व्हॉल्व्हची फट सुरुवातीच्या कॅमशाफ्टला १९ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), नंतरच्याला १२, दोन्ही इंजिन गरम असताना. रॉकर कव्हरवरची, फट लिहिलेली पट्टी बघा, पण कॅमशाफ्ट मधल्या काळात कोणी बदलला असेल हेही ध्यानात ठेवा. स्पार्कचा क्रम १-३-४-२. मागच्या मेन बेअरिंगला आजच्यासारखं रबरी सील नाही, तेल परत फिरवणारी चक्राकार खाच आहे. गाडी थांबल्यावर दोन-चार थेंब गळणारच. खाली ट्रे ठेवा.

ब्रेक

इथे काटकसर नाही. सगळे रबरी होज, सगळे कप आणि सगळ्या नळ्या नव्या टाका. लोखंडी नळ्यांऐवजी तांबं-निकेलच्या घ्या, त्या गंजत नाहीत. मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखालच्या फळीखाली असतो, त्यामुळे तिथलं गळणं कित्येक महिने कळत नाही. सिलिंडरच्या आत खड्डे पडले असतील तर पितळी स्लीव्ह बसवून घेता येते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. आपल्या शहरात ते दर वर्षी, पावसाळा संपला की बदला.

जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता आहे. ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. मास्क लावा, पाण्याने ओली करा आणि ओल्या कापडाने पुसा.

वायरिंग आणि पेट्रोल

या गाडीत बॅटरीचा पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेला असतो. सवयीने उलटी बॅटरी लावू नका. कापडी वेष्टणाचा तयार हार्नेस (सगळ्या वायरींचा बांधलेला जुडगा) मागवलेला बरा, जोडकामाला लागणारं बाकी सामान लोहार चाळीत मिळतं. डायनामो खूप दिवस पडून असेल तर त्याची विजेची दिशा पुन्हा बसवावी लागते: त्याच्या दोन्ही वायरी काढा आणि बॅटरीच्या निगेटिव्हवरून एक वायर घेऊन ‘एफ’ टोकाला क्षणभर टेकवा. शिवाय बॅटरी तोडायचं एक बटण सीटमागे बसवा. मूळ गाडीत ते नव्हतं, पण लाकडी गाडीत एवढा बदल मी योग्य मानतो.

आज पंपावर मिळतं ते इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. ते जुनं रबर आणि बुचाची सीलं खातं, आणि पाणी ओढून घेतं. होज एसएई जे३०आर९ दर्जाचे टाका, कार्बोरेटरच्या जेटखालची बुचाची सीलं बदला. या पेट्रोलवर मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. दोन्ही एसयू कार्बोरेटरच्या जेटचा नट एकेक पैलू खाली फिरवून बघत जा. टाकी भरून गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नका.

रंग

माझी चूक इथली आहे. लाकडाला हात लावण्याआधीच, ऑगस्टमध्ये, उत्साहाच्या भरात मी पुढचं डावं मडगार्ड रंगवून घेतलं. थिनर उडताना पत्रा गार पडतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. रंग दुधाळ झाला, पॉलिशने तो झाकला आणि दिवाळीपर्यंत कडेला मुगाएवढे फोड आले. सगळं खरवडून पुन्हा करावं लागलं.

मूळ रंग शोधायचा असेल तर डॅशबोर्डच्या मागे आणि पट्ट्यांच्या खाली बघा. आमच्या गाडीवर लालचे तीन थर होते आणि खाली क्लिपर ब्लू. तोच परत दिला. लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, कमीत कमी वापरा, ठोकाठोकीने पत्रा सरळ करणारा जुना डेंटर शोधा. बॉडी चॅसीवर पक्की आवळण्याआधी इंजिन जागेवर हवं आणि गाडी चाकांवर उभी हवी, कारण वजन पडलं की फटी बदलतात. बॉडीखाली पातळ पॅकिंगचे तुकडे सरकवून दारं जुळवा आणि ती जुळल्यावरच शेवटचा रंग द्या. क्रोमला देताना प्रत्येक तुकड्याचा फोटो आणि सहीची यादी ठेवा. माझी विंडस्क्रीनची एक कडी एका कारखान्यात हरवली आणि यादी नसल्यामुळे मला काही बोलता आलं नाही.

पहिली फेरी आणि पहिला पावसाळा

सुरू करण्याआधी प्लग काढून हँडलने इंजिन फिरवत राहा, तेलाच्या काट्याने हालचाल दाखवेपर्यंत. मगच प्लग लावा. आम्ही रविवारी पहाटे सहाला माटुंग्याच्या पाच उद्यानांभोवती चार चकरा मारल्या. रस्ते रिकामे, सावली भरपूर आणि ढकलत आणावी लागली तरी घर जवळ. प्रत्येक चकरेनंतर थांबून ड्रमला हात लावून पाहिला: एकच गरम असेल तर तो ब्रेक अडकतोय. धावताना तेलाचा दाब दर चौरस इंचाला ४० पौंडांच्या वर असावा. पहिले ८०० किलोमीटर सांभाळून चालवा, मग हेडचे नट आणि व्हॉल्व्हच्या फटी पुन्हा तपासा.

पावसाळ्यात प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, आत घाम धरतो. सुती कव्हर घाला, गाळ्याची वरची झडप उघडी ठेवा. दर पंधरा दिवसांनी कोरडा दिवस बघून गाडी बाहेर काढा आणि पुरती गरम होईपर्यंत चालवा. नुसतं जागच्या जागी पाच मिनिटं चालू ठेवलंत तर सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. आणि ऑक्टोबरचं पहिलं ऊन पडलं की दार उघडा, मोकळ्या टोकाला खालून हात लावा आणि अलगद वर उचलून बघा.